मुका टॅब

"दुर्वाला लगेच दुसरा टॅब द्या, बाई! उद्या देणगीदार येतायत," मुख्याध्यापक खेकसले.

इंग्रजी शब्दांच्या ऑनलाइन खेळात चौथीतली दुर्वा तालुक्यात पहिली होती. आज तिच्या टॅबचा आवाज गेला आणि तिचं प्रत्येक उत्तर चुकायला लागलं. तेव्हा कुठे खोपडेबाईंच्या ध्यानात आलं. टॅब पडद्यावरचा शब्द मोठ्याने म्हणायचा आणि दुर्वा तो ऐकून चित्रावर बोट ठेवायची. तिला अक्षरं येत होती, पण ती जुळवून वाचायची वेळच कधी आली नव्हती.

"सर, तिला इंग्रजी वाचता येत नाही."

"गुण मिळतायत ना? झालं तर!"

"गुण शाळेला मिळतायत. पोरीला काय मिळालं?" बाईंचा आवाज चढला. वर्गात जाऊन त्यांनी सगळ्याच टॅबचा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर वर्ग साफ आपटला. मुख्याध्यापक डोळे वटारून पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. दुर्वा मात्र जागची हलली नाही. अक्षरांवरून बोट फिरवत ती पुटपुटत होती.

"ग्... गो... गोट. बाई, बकरी!"

बाईंनी तिला जवळ घेतलं. पण ती हसली नाही.

"म्हणजे इतके दिवस हा मला आधीच उत्तर सांगत होता?" तिने रागाने टॅबकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता?"

बाई काही बोलणार, तोच तिने पुढचा शब्द उघडला.

"थांबा. कुणी सांगायचं नाही."