फुलीखालचं उत्तर

प्रश्न. मातीच्या माठातलं पाणी गार का राहतं?

झेनाइदेनं ब चा गोल काळ्या पेनानं भरला. नीट, काठाबाहेर शाई न जाऊ देता. घरोघर जाऊन बायकांची नखं रंगवणारा हात तो. ब चं म्हणणं, माठातून थोडं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. झेनाइदे पुढच्या प्रश्नावर गेली. परत आली. ब वर फुली मारली, ड भरला. ड चं म्हणणं, मातीतले क्षार पाण्याशी उष्माग्राही अभिक्रिया करतात.

शनिवारची दुपार. ब्राझीलमधलं ओलिंडा. कार्निव्हल मंडळाची शेड. मिरवणुकीतल्या दोन माणसांएवढ्या उंच बाहुल्या इथे वर्षभर चादरी पांघरून उभ्या असतात, आणि शनिवारी त्यांच्या पायाशी कॉलेजच्या सरकारी प्रवेश परीक्षेचा फुकट वर्ग भरतो. एका बाहुलीच्या गळ्यात घड्याळ अडकवलंय. आजचा पेपर विज्ञानाचा, सरावाचा, शेवटचा. खरा पुढच्या रविवारी.

झेनाइदेला नर्सिंगला जायचंय. ही तिसरी खेप. यंदा नाही जमलं तर पुन्हा बसणार नाही, असं तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय. तिची मुलगी जुसियारा पहिल्यांदाच बसतेय. याच वर्गात, पण लांबच्या बाकावर, कारण शेजारी बसल्या की दोघी भांडतात.

वेळ संपली. एवाल्दो सरांनी पेपर गोळा केले. सर म्हणजे मेडिकलला शिकणारा पोरगा, झेनाइदेपेक्षा बराच लहान. त्यांनी पेपर पत्त्यांसारखे पिसले आणि तपासायला परत वाटले, ज्याला त्याला दुसऱ्याचा. जुसियाराच्या वाट्याला आईचा आला.

बदलून घ्यायला ती उठली. मग बसली.

विजेच्या परिपथाचं गणित, बरोबर. आम्लाचं गणित, जे तिला स्वतःला सुटलं नव्हतं, बरोबर. माठ, चूक. बर्फ पाण्यावर का तरंगतो, चूक. रातांधळेपणा कशानं होतो, चूक. आणि प्रत्येक चुकीच्या शेजारी एक फुली. फुलीखाली बरोबर उत्तर.

सर वर्षभर एकच घोकून घेत होते. मार्क देणारं यंत्र नुसती बरोबर उत्तरं मोजत नाही. अवघड बरोबर आणि सोपं चूक दिसलं की ते धरून चालतं, अवघडला तुक्का लागला. आणि मार्क कमी देतं. म्हणजे परिपथ तुक्का. आम्ल तुक्का. नखं रंगवायला जाताना बसमध्ये पाठ केलेलं सगळं तुक्का.

जुसियारापुढे पर्याय.

अ) पेपर सरांना नेऊन द्यायचा.

ब) सगळ्यांसमोर ओरडायचं.

क) फुल्या दिसल्याच नाहीत असं करायचं.

ड)

ड सुचायची तिनं वाट पाहिली नाही. पेपर घेऊन सरळ आईच्या बाकावर जाऊन बसली.

"माइन्या," आईला ती अशीच हाक मारायची, "हे काय? बरोबर लिहितेस आणि स्वतःच खोडतेस?"

झेनाइदे आधी म्हणाली की शेडमध्ये उकडत होतं. मग म्हणाली पेन फालतू आहे. मग विचारलं, तुझे स्वतःचे किती आले ते सांग आधी, मोठी आलीय माझी मास्तरीण. जुसियारा हलली नाही. बोट फुलीवर ठेवून बसली.

"अगं, इतकं सोपं मला कोण विचारेल?" झेनाइदे शेवटी म्हणाली. "नळ जोडून घ्यायला कचेऱ्यांच्या किती खिडक्या पालथ्या घातल्या. तुझ्या जन्माच्या दाखल्याला गेले तेव्हा तू कडेवर होतीस, रडत होतीस, तरी म्हणाले मूल झाल्याचा पुरावा आणा. आणि तेच सरकार आता मला विचारतंय, बाई, माठातलं पाणी गार का? काहीतरी खोच असणारच."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग ते हसू थांबलं.

जुसियाराला म्हणायचं होतं की तसं काही नसतं. पण कचेरीच्या खिडकीवर तसंच असतं, हे तिला माहीत होतं. तिनं सरांच्या टेबलावरून दुसरा संच उचलला आणि पान आईला दिसणार नाही असं धरून वाचायला लागली. प्रेशर कुकरमध्ये घेवडा लवकर का शिजतो?

झेनाइदे म्हणाली, दाखव पान. जुसियारा म्हणाली, नाही. मग मंद पोराला सांगावं तशा सुरात झेनाइदेनं सांगितलं. वाफ आत कोंडते, दाब वाढतो, म्हणून पाणी शंभरच्या वर गेल्यावरच उकळतं, आणि जास्त तापलेल्या पाण्यात दाणा लवकर शिजतो. हे काय विचारायचं.

जुसियारानं पान तिच्यापुढे ठेवलं. जवळजवळ हेच शब्द क मध्ये होते.

झेनाइदेनं क चा गोल भरला. पेन उचललं. उचललेलं पेन क च्या वरच थांबलं. मग हळूहळू खाली यायला लागलं.

जुसियारानं तिचा हात धरला नाही. स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

पेन कागदाच्या अगदी जवळ आलं.

"एवढंच?" झेनाइदेनं विचारलं.

"एवढंच."

खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे बघावं तसं तिनं क कडे बराच वेळ पाहिलं.

"मग पुढचा वाच."