मिनिटभराची शांतता

अलास्कातल्या आमच्या गावच्या रेडिओची बातमीदार लोरेन, गोठलेल्या नदीचा बर्फ फुटायच्या दिवसांत काठावर एफीआजीची मुलाखत घेत होती.

“पोरी, नदीची खळखळ थांबली की चुलीवरचं चुलीवर टाकून टेकडी गाठायची,” आजी म्हणाली. “नदीच्या वरच्या अंगाला बर्फाने पाणी अडवलेलं असतं. ते सुटलं की गाव उरत नाही.”

मुलाखत संपल्यावर लोरेनने नेहमीप्रमाणे त्या जागेचा नुसता आवाज टिपायला मशीन चालू ठेवलं.

“आता मिनिटभर गप्प बस हं, आजी.”

“चर्चमधल्या प्रवचनातसुद्धा बसले नाही गं कधी!”

पण बसली. लोरेनच्या हेडफोनमध्ये नदीची खळखळ भरून राहिली.



मिनिट संपायच्या आत तिथे फक्त आजीचा श्वास उरला.