बाजूची फाईल

"रोशनभाऊ, काल चार वाजता मेल केला होता ना मीनं? वाचला नाई काय?" वनरक्षक दिनेशनं दारातूनच विचारलं.

रोशननं समोरचा लॅपटॉप जवळ ओढला. शेजारच्या सुकरीला सकाळी मोहफुलं वेचताना वाघानं मारलं होतं. तपासणीसाठी आलापल्लीच्या दवाखान्यात नेलेलं प्रेत अजून यायचं होतं, आणि तिचा नवरा पत्रू इथं रोशनच्याच ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता.

गावात मेल पाहणारा रोशन एकटाच. वनखात्याचं काही आलं की त्यानं वाचायचं आणि घरोघरी सांगायचं. त्याचं सगळंच एका टेक्स्ट एडिटरमध्ये चाले. घरी बसून करायच्या प्रोग्रामिंगच्या कामाचा कोड तिथंच, मेल तिथंच, बातम्याही तिथंच. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. गावच्या नेटवर्कला तेवढंच झेपायचं. सकाळ-संध्याकाळ तो मोठ्यानं वाचायचा आणि त्याची आई, सोमारीबाई, चहा घेत ऐकायची. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या बापाला वाघानं नेलं, तेव्हापासून ते नाव कानी पडलं की बाई भरलं ताट सारून उठायची. लेकराचा जीव तो, किती दिवस पाहवेल! त्यानं एडिटरमध्ये सोय करून टाकली. ज्या मेलात, ज्या बातमीत ते नाव असेल, ते समोर यायचंच नाही, गपगुमान बाजूच्या फाईलीत जाऊन पडायचं. आई पोटभर जेवू लागली. आधी तो ती फाईल रोज चोरून पाहायचा. मग दोन-चार दिवसांनी. मग राहूनच गेलं.

काल संध्याकाळी सुकरी येऊन विचारून गेली होती. "उद्या नाल्याकडं जातो मोहाले. तिकडं त्याची काई खबर?"

रोशननं पडद्यावर नजर फिरवली होती. "काईच नाई काकी. जा बिनधास्त."

"नेटवर्क नसन," दिनेश आता हळूच म्हणाला. "आपल्याकडं कुठी राह्यते नेटवर्क."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सुटला असता. कोणी शंकासुद्धा घेतली नसती.

"आला होता मेल," रोशन म्हणाला. त्याला रडू आवरेना. "मीनंच बाजूले टाकून ठेवला."

सोमारीबाई आतून बाहेर आली. "वाच," ती म्हणाली. "त्याच्या नावासकट वाच."

रोशननं फाईल उघडली आणि वाचलं. नाल्याच्या काठी वाघीण दोन पिल्लांसह फिरत आहे, पाच दिवस कोणीही मोह वेचायला तिकडे जाऊ नये. सोमारीबाई जागची हलली नाही.

पत्रू अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत कान देऊन ऐकत होता. वाचून झालं तसा तो लगबगीनं उठला.

"मंग सांग ना बापा तिले," तो म्हणाला. "तिकडं नोको जाऊ म्हणा."