पाचशे बारा बाईट

बाबांच्या लोखंडी पेटीत निघालं ते एवढंच: आठ-बिटी संगणक एक, टेपरेकॉर्डर एक, कॅसेट एक. कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे बाबांनीच मोडले होते, तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून.

आत त्यांनी लिहिलेला एकच प्रोग्रॅम होता. अशा फाइलच्या सुरुवातीलाच तिची लांबी नोंदवलेली असते. ५१२ बाईट.

टेप सुरू केली. कर्कश आवाज थांबला आणि पडद्यावर अक्षरं आली: JEVLIS KA?

"सेकंड शिफ्टला जाताना लावून जायचे," आई म्हणाली. "म्हणे, मी कंपनीत असलो तरी घरी विचारणारं कुणीतरी हवं."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"उत्तर दिलं तर पोचतं का गं?"

"नाही आई. यात उत्तर साठवायची सोयच नाही."

"तुला काय करायचंय? दे इकडे." तिने एका बोटाने लिहिलं: KADHI YETA. मधली मोकळी जागा धरून दहा बाईट. मग मी बटण बंद केलं.

सकाळी आईने हट्टच धरला, म्हणून कॅसेट पुन्हा लावून मोजली.

५२६ बाईट. शेवटचे चौदा नवीन. त्यातले पहिले दहा आईचे, पुढचे चार: UDYA.