बॉडी मिळेना

ठाकुर्लीच्या गॅरेजमध्ये दिपेश माझ्या जीपवर ऑफरोडिंगच्या रेडिओची अँटेना बसवत होता. मी आत माइक धरून बसले होते.

"ताई, छत फायबरचं आहे. बॉडी मिळेना," तो म्हणाला. अर्थिंगला गाडीचा पत्रा लागतो, त्याला हे लोक बॉडी म्हणतात. "बोनेटवर लावू या."

"मलाही मिळेना," रेडिओतून एका बाईचा थकलेला आवाज आला.

दिपेशने अँटेनाच उपटली. बाई बोलतच राहिली.

"ताई, खाली उतरा."

दार उघडेना. मी ओरडले. ओरडणं रेडिओतून बाहेर पडलं.

माझं तोंड मात्र हसत होतं. "राहू दे रे दिपेश," ते म्हणालं, "मिळाली."

आणि माझा हात रेडिओ बंद करायला बटणाकडे गेला.