होडीचे माप

होडी दवाखान्याच्या कोपऱ्यावर अडली ती अडलीच. आठ जणांनी ती आधी सरळ रेटली, मग कुशीवर कलती केली, मग उलट्या टोकाकडून फिरवून पाहिली. वीतभर जागा कमी पडत होती. अखेर ती पुन्हा उचलून कारखान्यात आणून ठेवली आणि माणसे घाम पुसत पांगली.

मागे राहिले तिघे: होड्या बांधणारा म्हातारा सुतार, त्याची सून, आणि ही होडी करायला सांगणारा मासेमार.

"काका, गल्लीचं माप घेतलं नव्हतं?" मासेमाराने हळूच विचारले.

"होडीचं माप पाण्यावरून घेतात रे. गल्लीवरून कोण घेतं?"

पूर्वी कारखान्याचे मागचे दार थेट तळ्यात उघडत असे. होडी पुरी झाली की दोन ओंडक्यांवरून ढकलायची, की झाले. मग भराव पडला आणि त्यावर शाळा उभी राहिली. शाळेपुढे टपाल कचेरी, तिच्यापुढे बाजार, शेवटी दवाखाना. गाव पुढे सरकले, पाणी मागे. दर वेळी म्हाताऱ्याला विचारले गेले होते, आणि दर वेळी त्याने आनंदाने सही केली होती. त्या शाळेत त्याचा मुलगा शिकला. त्या दवाखान्यात त्याची नात वाचली. तक्रार करायची तरी कोणाकडे, आणि कशाची?

"बाबा, कोपऱ्याची भिंत थोडी काढू देतील का? विचारून तर बघा," सून म्हणाली.

"भिंतीला लागूनच बाळंतिणींच्या खाटा आहेत, पोरी."

मासेमार होडीच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

"मधोमध कापू या," मासेमार म्हणाला. "काठावर नेऊन जोडता येईल ना?"

"येईल. तरंगेलही."

"मग झालं तर."

"भर पाण्यात वारा सुटला, की तुझं लक्ष जाळ्याकडे नसेल. सांध्याकडे असेल."

मासेमाराने मान खाली घातली. "जुनी तर बुडाली, काका. दुसरी कुठून आणू?"

म्हाताऱ्याने कानामागची पेन्सिल काढली. गुळगुळीत केलेल्या फळ्यांवरून, या काठापासून त्या काठापर्यंत, त्याने एक रेघ ओढली. रेघ किंचित वाकडी गेली. त्याने ती ओल्या बोटाने पुसली, गुण्या लावला, आणि पुन्हा सरळ ओढली.