दारामागची यादी

नातीला सांभाळायला नवी बाई आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, सगळं शिकव तिला. हातचं राखू नकोस."

म्हातारीनं राखलंही नाही. पोरीला कुठल्या कुशीवर झोप लागते, कडू औषध कसं गोडीगुलाबीनं पाजायचं, सगळं आठ दिवसांत बाईच्या अंगवळणी पाडलं. वर दमही भरला, "दारामागं यादी चिकटवलीय. तीत नाव असेल त्यालाच आत घ्यायचं. बाकी कुणी कितीही गोड बोललं तरी साखळी काढायची नाही. देवानं डोकं दिलंय ते नुसतं वेणी घालायला नव्हे!"

यादीत पहिलं नाव म्हातारीचंच होतं. तिनंच ते मुलाकडून लिहून घेतलं होतं.

बाई रुळली, तसा मुलगा म्हणाला, "आता निवांत चार दिवस ताईकडे राहून ये."

पाचव्या दिवशी म्हातारी पिशवी सावरत परतली. बेल वाजवली. दार साखळीपुरतंच किलकिलं झालं.

"अगं, उघड की! माझं शिकवणं पाण्यात गेलं काय?"

बाईचे डोळे भरून आले.

 

"नाही आजी, तुम्ही शिकवलं तस्संच करतेय. काल दादांनी नवी यादी लावली."